उतरलेलं घर

ओट्यावरचं सगळं पाच मिनिटांसाठी खाली काढ, असं आईला सांगितलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि गॅसवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या लाकडी कड्याकडे बघितलं, आणि काही न बोलता मिक्सर, पोळपाट आणि मिठाची बरणी उचलून खाली ठेवली. लग्नाच्या वयाची मुलगी असलेला माणूस स्वयंपाकघरात ढोल घेऊन आला की बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. घरात इतकी सपाट जागा दुसरी नाही. नुकत्याच घेतलेल्या जुन्या ड्रमसेटमधल्या बारा इंची टॉमची, म्हणजे त्यातल्या एका लहान ड्रमची, दोन्ही बाजूंची पानं (वाजवायचे पडदे) काढून टाकलेली, नुसतं लाकडाचं कडं उरलेलं. ते ओट्यावर पालथं घातलं, मोबाइलची बॅटरी लावून आत ठेवली, वरून पुठ्ठा झाकला आणि दिवा मालवला. मग गुडघ्यावर बसून डोळे ओट्याच्या पातळीला आणले आणि कड्याभोवती फिरत बघू लागलो, खालून कुठे उजेड झिरपतोय का. शेलची, म्हणजे या लाकडी कड्याची, जी कड पानाला टेकते ती बहुधा ४५ अंशांत तासलेली असते. ही कड एका पातळीत नसेल तर बाकी काहीही करा, ड्रम सुरात येत नाही. नवा ड्रम घेताना हे कोणी बघत नाही. जुना घेताना हेच आधी बघायचं.

एका जागी उजेड होता. बोटभर लांबीत, केसाएवढी रेघ.

पोटात गोळा आला. सेटला मोजलेले ३५,००० रुपये त्या रेघेतून गळून गेल्यासारखे वाटले. पण नखाने चाचपलं तर तिथे लाकूड खाली गेलं नव्हतं, शेजारीच काहीतरी वर आलं होतं. कधीकाळच्या चिकटपट्टीचा सुकलेला गोंद. तो बटाट्याच्या सालकाढणीने हलक्या हाताने खरवडला, सुती फडक्याने पुसला, पुन्हा ठेवलं. रेघ गेली. दिवा लावला तर आई दारात उभी. तिला वाटलं होतं करंट गेला.

मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो आणि गेली सतरा वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवतो. म्हणजे पोटासाठी दुकान आहे, पण गणपतीपासून मे महिन्यापर्यंत जत्रा, हळदी, सत्यनारायण, मंडळांचे वर्धापनदिन आणि ३१ डिसेंबर यांत आठवड्याला एखादी सुपारी असतेच. ऑक्टापॅड हे फार शहाणं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. रोलँड कंपनीने पहिला काढला १९८५ साली, आणि आमच्याकडच्या वाद्यवृंदांनी तो जो उचलला तो अजून खाली ठेवलेला नाही. खांद्याला अडकवला, दुचाकीवर बसलं, गेलं. आठ चौकोनांत ढोलकी, तबला, ड्रम, टाळी, घुंगरू, काय हवं ते. वायर जोडली की पाच मिनिटांत तयार. पावसात उतरत नाही, उन्हात चढत नाही. सतरा वर्षांत मला एकदाही त्याचा सूर लावावा लागला नाही, आणि आता वाटतं की गोम तिथेच होती.

गोव्यात एका लग्नात आमची आणि तिथल्या एका बँडची आलटूनपालटून पाळी होती. मध्यंतरात त्यांच्या ड्रमरला विचारून त्याच्या सेटवर बसलो. किक, म्हणजे पायातल्या पेडलने वाजवायचा मोठा ढोल, मारली आणि पँटच्या पायाला वारा लागला. एवढंच. पुढून नाही, स्पीकरमधून नाही, पायाशी खरोखरचा वारा. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

मग महिनाभर रात्री जागून वाचन. परवडणाऱ्या मेपल लाकडाच्या सेटमध्ये तीनचार नावं पुन्हापुन्हा येतात : पीडीपीचा कन्सेप्ट मेपल, ग्रेचचा कॅटालिना मेपल, टामाचा सुपरस्टार क्लासिक. नवं घ्यायचं तर आकडा माझ्या दुकानाकडे बघून हसत होता. शिवाय ‘शेल पॅक’ या शब्दात एक गंमत लपलेली असते, ती पहिल्यांदा घेणाऱ्याला उशिरा कळते. शेल पॅक म्हणजे नुसते ड्रम. झांजा नाहीत, स्टँड नाहीत, पेडल नाही, बसायचं स्टूलसुद्धा नाही. घराच्या चार भिंती विकत घेतल्या आणि दारं-खिडक्या मग बघू, अशातला प्रकार. आणि जाहिरातीत ‘मेपल’ लिहिलंय म्हणून सगळं मेपल असेलच असंही नाही. बाहेरचा पदर मेपलचा आणि आत पॉपलर किंवा बासवुड, असेही सेट असतात. ते वाईट नसतात, पण मेपलचे पैसे देऊन ते घेऊ नयेत.

मला मिळाला तो जुना. गोव्यातला एक ड्रमर जहाजावरच्या बँडमध्ये नोकरीला निघाला होता आणि त्याला घर रिकामं करायचं होतं. २२ इंची किक, १० आणि १२ चे दोन टॉम, १६ चा फ्लोअर, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम, आणि १४ चा स्नेअर, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेला ड्रम. सगळं मेपल, सात पदरी, वर तपकिरी लाखेचा हात. किकवर पुढे एक ओरखडा. ‘हॉटेलच्या लिफ्टचा आहे,’ म्हणाला. मी घासाघीस केली नाही. जहाजावर जाणाऱ्या माणसाशी घासाघीस करू नये असं मला उगाच वाटतं.

सेट आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी काका आले. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावात आणि पंचक्रोशीत पखवाजी म्हणून ओळखले जातात. डबलबारी भजनाला दोन बुवा समोरासमोर बसतात, एकमेकांना शब्दांत पकडतात, आणि रात्र चढत जाते. त्या रात्रीची खरी मदार पखवाजावर असते हे ज्याला कळतं तो काकांना ओळखतो. त्यांनी ओसरीवर पसरलेला पसारा डोळ्यांनी मोजला.

‘कितक्याक घेतलंस?’

सांगितलं.

‘लाकूड खयचा?’

मेपल म्हणजे काय हे काकांना कसं सांगायचं याची मी तयारी केली होती. कॅनडाच्या झेंड्यावर जे पान असतं त्या झाडाचं, थंड मुलखातलं, त्याच्या चिकापासून पाक करतात. काकांनी ऐकून घेतलं. मग टॉमच्या कडेवर अंगठा फिरवला, पदर मोजले, आणि म्हणाले, ‘आमच्या परड्यात फणस नाय काय?’

प्रश्न वरवरचा नव्हता. काकांचा पखवाज फणसाचा आहे. एकाच खोडाचा तुकडा आतून पोखरून काढलेला, इतका जड की मी लहानपणी तो उचलायला गेलो आणि त्याच्यासकट खाली बसलो होतो. माझ्या ड्रमचं लाकूड मात्र पोखरलेलं नाही, गुंडाळलेलं आहे. मेपलचे पातळ पापुद्रे, एकाच्या शिरा आडव्या तर दुसऱ्याच्या उभ्या, मध्ये गोंद, आणि साच्यात दाबून केलेलं वर्तुळ. काकांच्या मते हे लाकूड नव्हेच, ‘कागद गुंडाळल्यासारखा’. पण म्हणूनच तो हलका, आणि म्हणूनच कारखान्यात हजारांनी एकसारखा निघतो. फणसाचे दोन पखवाज एकसारखे असूच शकत नाहीत.

मेपलबद्दल सांगतात की आवाज उबदार, खाली भरलेला, वर-खाली समतोल. बर्चचा आवाज जास्त टोकदार, पटकन संपणारा. यात तथ्य आहे, पण जितकं सांगितलं जातं तितकं नाही. मी दोन महिन्यांत जे पाहिलं त्यावरून, ऐकणाऱ्याच्या कानात पोचतं त्यातला मोठा वाटा पानाचा आणि ते किती ताणलंय याचा असतो. लाकूड मागून येतं. शिळ्या पानांवर मेपल वाजवा आणि नव्या पानांवर पॉपलर, आणि डोळे मिटून ओळखायला सांगा, माझ्यासारखे बरेच जण पडतील.

म्हणून पहिला खर्च पानांचा केला. ढोल-ताशावाले ज्याला पान म्हणतात तोच शब्द मी वापरतो, ‘हेड’ म्हटलं की मला मुख्याध्यापक आठवतात. टॉमना वरून दोन पदरी, खरबरीत लेप असलेली पानं. एक पदरी जास्त मोकळी वाजतात, पण जत्रेत रोज रात्री काठ्यांचा मार खाऊन लवकर खड्डे पडतात. खालून पातळ, पारदर्शक, एक पदरी. स्नेअरला वर एक पदरी लेपाची, आणि खाली ते कागदासारखं तीन मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पान, ज्यावर तारा टेकतात. किकला कडेने फोमचं कडं असलेलं, म्हणजे आत उशा कोंबाव्या लागत नाहीत. तरी मी आत एक गोधडी ठेवलीच. आजीच्या लुगड्यांची. घरात ती कोणी पांघरत नव्हतं, आणि किक आता बोलताना जरा आजीसारखी बोलते, थोडक्यात आणि खालच्या पट्टीत.

काकांना पानांत सगळ्यात जास्त रस वाटला. चामडं नाही, पॉलिएस्टरची फिल्म आहे, मायलर. १९५७ साली अमेरिकेत रेमो बेली यांनी या पानांची कंपनी काढली आणि त्यानंतर ड्रमवरचं वासराचं कातडं हळूहळू गेलंच. काकांनी पान हातात घेऊन दिव्यासमोर धरलं.

‘म्हणजे ह्येका पावसाचा काय नाय?’

‘पानाला काय नाय, काकानू.’

ते बराच वेळ गप्प बसले. चाळीसेक वर्षं गणपतीच्या दिवसांत भर पावसात पखवाज लावणाऱ्या माणसाचं गप्प बसणं होतं ते. आषाढ-श्रावणाच्या हवेत कातडं पाणी पितं, सैल पडतं, सूर उतरतो. मग हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, ठोका, लाकडी गठ्ठे सरकवा, चामड्याची वादी ताणा, आणि एक गजर होईतो पुन्हा तेच. चुलीपाशी शेकवा. डाव्या बाजूला कणीक लावायची तीही पावसात वेगळी भिजवावी लागते म्हणतात. एवढं सगळं प्लास्टिकच्या एका चकतीने वाचवलंय हे कळल्यावर त्यांना हेवा वाटला की तुच्छता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्या संध्याकाळचं मुख्य. माझ्या बारा इंचीला पान आवळणाऱ्या रिंगवर सहा जागी बोल्ट आहेत. पुस्तकी रीत मला पाठ होती. आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी घट्ट करायचे. मग चावीने समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, चांदणी काढल्यासारखं. पानाच्या मध्यावर तळहाताने दाबून ते बसवायचं. मग प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काठीचं टोक हलकेच मारायचं आणि सहाही जागी एकच सूर येतोय का बघायचं. मी पाऊण तास हे करत होतो. मोबाइलवर त्यासाठीचं ॲपसुद्धा घेतलं होतं, ते सहाही जागी हिरवं दाखवत होतं. आणि तरी टॉमचा आवाज असा येत होता की जणू कोणी टाकीवर बसून शिंकतंय. मागे एक लोळण, ‘वांव-वांव’ अशी.

काका खांबाला टेकून सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवला, उठले, माझ्या हातातली काठी बाजूला सारली आणि तर्जनीच्या टोकाने कडेकडेने टिचक्या मारत गेले. टण. टण. टण. चौथ्या जागी थांबले, मागे आले, पुन्हा चौथी. डोळे मिटलेले.

‘ह्या घर उतरला हा.’

तबला-पखवाजाच्या पुडीवर, म्हणजे कातड्याच्या तोंडावर, सोळा घरं असतात. वादी जिथून जाते त्या मधल्या जागा. सूर लावायचा म्हणजे सोळाही घरं एका सुरात आणायची, आणि एखादं घर उतरलेलं किंवा चढलेलं असेल तर नेमकं तेवढंच ठोकायचं. काकांना इथे सहाच घरं दिसली, त्यांना ते पोरखेळासारखं वाटलं असणार. मी म्हटलं, ॲप तर बरोबर दाखवतंय. त्यावर त्यांनी नुसतं वळून पाहिलं. मी चावी लावली. पाव फेरा, त्याहूनही कमी. ‘रव,’ म्हणाले, म्हणजे थांब. मग टॉम उलटा केला आणि खालच्या पानावर तोच खेळ. खाली दोन घरं उतरलेली निघाली. मी खालचं पान एकदा लावून विसरून गेलो होतो, कारण ते वाजवायचं नसतं. ‘पखवाजाक दोन तोंडां कित्याक असतत रे?’ त्यांनी विचारलं, उत्तराची वाट बघितली नाही.

टॉम सरळ करून काठी मारली. लोळण गेली होती. एकच सूर, गोल, जरा वेळ थांबून निघून जाणारा.

सतरा वर्षं मी ताल धरला, ठेका सांभाळला, गायक बेताल झाला तर त्याला उचलून आणलं. पण एखादा आवाज उतरलाय म्हणजे नेमका कुठे उतरलाय, हे कान लावून शोधायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. ऑक्टापॅडमध्ये ते काम दूर कुठेतरी कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. पुढचे पंधरा दिवस मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर पानं पूर्ण सैल करून पुन्हा लावायचो. आई म्हणाली, वाजवणार कधी?

झांजांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे माझं आणि आईचं वाजलं.

स्वस्त सेटबरोबर ज्या झांजा मिळतात त्या पितळेच्या असतात आणि ताट पडल्यासारख्या वाजतात. यात तडजोड करू नका असं सगळेच सांगतात, मीही सांगतो. कारण ड्रम सुरात लावता येतो, झांज आहे तशीच राहते. थोड्या बऱ्या झांजा ब्राँझच्या, त्यात कथील आठ टक्के. चांगल्या म्हणतात त्यांत वीस टक्के कथील, ऐंशी टक्के तांबं. मूळच्या तुर्कस्तानातल्या ज्या घराण्याची झिल्जियान कंपनी १६२३ पासून चालत आली आहे त्यांची कीर्ती याच मिश्रणावर. हे वाचताना मला हसू आलं, कारण तांबं चार-पाच भाग आणि कथील एक भाग म्हणजे आपलं कांसं. भजनातले टाळ कांशाचे, पायाच्या तळव्यांना तूप चोळायची वाटी कांशाची. बाजारात जाऊन ‘बी-ट्वेंटी’ (हेच वीस टक्केवालं ब्राँझ) मागायचं आणि घरात ते वाटीच्या रूपाने पडलेलं. एक जुनी राइड (ठेका धरायची मोठी झांज) आणि एक जोडी हायहॅट (पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजा), दोन्ही या मिश्रणातली, १६,००० ला मिळाली. क्रॅश, म्हणजे जोराच्या ठोक्याची झांज, एकच, आठ टक्केवाली. खिसा तिथे संपला.

राइड जुनी असल्यामुळे काळपट होती. काही ठिकाणी हिरवट. मला ती तशीच हवी होती, त्या काळपटपणाने आवाज जरा कोरडा, गडद होतो असं वाजवणारे मानतात. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायला काढली तेव्हा आईने कोपऱ्यातलं ते भलंमोठं ताटही घेतलं. चिंच, राख आणि काथ्या. दुपारी दुकानातून जेवायला आलो तर अंगणात, तुळशीपाशी, सूर्यासारखी राइड वाळत घातलेली. कंपनीचा छाप पार गेलेला.

‘केवढा काळा पडला होता. घासून ठेवलंय.’ आई खूश.

मी जेवलो नाही. आता वाजवताना आवाज थोडा उजळ वाटतो, पण तो खरंच बदललाय की माझा कान त्या दिवशी रुसला तो अजून रुसलेलाच आहे, काही सांगता येत नाही. काका म्हणाले, ‘बरा दिसता.’

उरलेलं भराभर सांगतो. स्टँड आणि पेडल जुने, ९,००० ला. पेडल मात्र हाताने दाबून बघून घेतलं, खडखड नको. या पेडलपायीच तर सगळं सुरू झालं. विल्यम लुडविग यांनी १९०९ साली आपल्या पेडलचं पेटंट घेतलं, त्याआधी मोठा ढोल वाजवायला बरेचदा वेगळा माणूस लागायचा, आपल्या कोकणातल्या खालू बाजात लागतो तसा. पानं ८,००० ची. पिशव्यांचे भाव ऐकून त्या सोडून दिल्या आणि सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्याकडून ताडपत्री आणि आत पातळ फोम लावून चार पिशव्या शिवून घेतल्या, २,४०० मध्ये. एकूण ७०,४००. मी आईला सांगितलेला आकडा वेगळा आहे.

स्टँड ठेवायला एका मित्राने बंदरावरचा मासळीचा क्रेट दिला. मजबूत, हातात धरायला खाचा, पाणी आपोआप गळून जातं. तीनदा धुतला. पहिल्या हळदीला आम्ही क्रेट उघडला आणि मांडवातली दोन मांजरं सुपारी संपेपर्यंत माझ्या पायाशी बसून होती.

दहा इंची टॉम मी घरीच ठेवतो. एक टॉम, एक फ्लोअर, किक, स्नेअर. गाडीत जागा वाचते, बारा इंची सोळा इंचीच्या पोटात जातो (पानं काढावी लागतात, म्हणून फक्त लांबच्या प्रवासाला), आणि मांडायला वीस मिनिटं लागतात. आयोजकाला पंधराच्या पुढे धीर नसतो. ‘ऑक्टापॅड आणला असतास तर?’ हे वाक्य मी प्रत्येक सुपारीला ऐकतो, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाकडून.

पहिली खरी परीक्षा झाली ती मंगल कार्यालयात. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. घरी ओसरीवर मधासारखा वाजणारा टॉम तिथे डबा झाला. प्रत्येक ठोका तीनदा ऐकू यायचा. आणि किक पुढे चालायला लागली. मी एक गाणं वाजवेपर्यंत ती वीतभर पुढे गेली, दुसऱ्या गाण्यात मी स्टूलासकट तिच्या मागून सरकत होतो, तिसऱ्याला गायिकेने मागे वळून विचारलं की मी येतोय कुठे. किकचे दोन पाय पुढे काढून त्यांची टोकं जमिनीत रुतवायची असतात, पण फरशीत काय रुतणार? तेव्हापासून एक जाड जाजम गाडीत कायम असतं. त्याच्या कडेला पुढे एक लाकडी पट्टी ठोकलीय, किक तिला अडते. जाजमावर पांढऱ्या रंगाने सगळ्या पायांच्या जागा आखून ठेवल्या आहेत, म्हणजे अंधारातही सेट तसाच लागतो. पत्र्याच्या हॉलसाठी हातरुमाल. चौघडी करून टॉमच्या कडेला एका चिकटपट्टीने अडकवायचा, फक्त एक बाजू, दुसरी मोकळी. ठोका पडला की रुमाल उडतो, परत बसतो, आणि लोळण तेवढ्यात मरते.

तारकर्लीला ३१ डिसेंबरला नेमकं उलटं झालं. उघड्यावर आवाजाला परत यायला भिंतच नसते. मी हॉलचा धडा शिकून रुमाल लावून गेलो होतो, आणि सेट असा वाजला की पुठ्ठ्याची खोकी बरी. समुद्र मागे गाजत होता, तो फुकट वाजवत होता आणि माझ्यापेक्षा जोरात. पहिल्या गाण्यानंतर रुमाल काढले, टॉमची सगळी घरं पाव पाव फेरा चढवली. मग कुठे आवाज माणसांपर्यंत गेला. साउंडवाल्याकडे दोनच माइक मोकळे होते. एक किकच्या तोंडाशी दिला, एक माझ्या डोक्यावर उंचावर, स्नेअरच्या रोखाने. तेवढ्यात काम भागतं, टॉम डोक्यावरच्या माइकमध्ये येतात. बेसवाला सूर तपासायला लागला की स्नेअरच्या तारा आपोआप सळसळतात, म्हणून बाजूचा खटका पाडून त्या पानापासून सोडवायच्या आणि गाणं सुरू होताना पुन्हा लावायच्या. हे विसरलं की निवेदकाच्या प्रत्येक वाक्याखाली एक बारीक खरखर चालू राहते, आणि निवेदक साउंडवाल्याला शिव्या देतो. मी साउंडवाल्याला बराच काळ खरं सांगितलं नाही.

दहाला लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. त्या दिवशी होती. बारा वाजले, माइक बंद झाले, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी अर्धा मिनिट तसाच वाजवत राहिलो, नुसता मेपल, नुसती हवा. कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेडल उघडलं तर बेअरिंगमधून वाळू निघाली, चमचाभर.

वाळू निघते. खारं निघत नाही. किनाऱ्यावरच्या एका रात्रीनंतर क्रोमवर बारीक तांबडे ठिपके येतात, आणि जानेवारीत मी लक्ष दिलं नाही तर एप्रिलमध्ये फ्लोअरचा एक बोल्ट चावीला दादच देईना. पाना लावला, गोल झाला. आता प्रत्येक सुपारीनंतर सगळं लोखंड आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसतो. बोल्टांच्या आट्यांना शिलाई मशीनचं तेल. खोबरेल लावू नका, मी लावलं होतं. घरात आहे, फुकट आहे, आणि दोन महिन्यांत त्याचा चिकट राप होऊन त्यात सगळी धूळ बसते.

पावसाळ्यात सेट वाजत नाही. पानांना पावसाचं काही नसलं तरी लाकडाला असतं, आणि लाकडापेक्षा पिशव्यांच्या फोमला. गेल्या वर्षी जुलैमध्ये पिशवी उघडली तर टॉमवर पांढरी बुरशी, मऊ, मांजराच्या पिल्लासारखी. यंदा पिशव्या बाद. आजोबांचं सागवानी कपाट रिकामं केलं, त्यात खाली एक ४० वॅटचा बल्ब लावला, पेटीवाले पेटीसाठी लावतात तसा. दिवसरात्र जळतो. किक वर, माळ्यावर, बाकी सगळं कपाटात. स्नेअर समोर, हाताशी.

जूनच्या शेवटी काकांच्या घराची कौलं वाऱ्याने सरकली आणि माजघरात पाणी आलं. काका आमच्याकडे आले ते पखवाज चादरीत गुंडाळून, लेकरासारखा काखेत धरून. कपाट उघडून दाखवलं. बल्बच्या उबेत हात घालून बघितला, मान हलवली, आणि पखवाज फ्लोअर टॉमच्या शेजारी उभा केला. फणस आणि मेपल, खांद्याला खांदा. आता ते दर दोनतीन दिवसांनी संध्याकाळी येतात, पखवाज काढतात, घरं बघतात, परत ठेवतात. पाऊस पडत असतो, चहा होतो, बोलणं फारसं होत नाही.

परवा दिवे गेले होते. कंदील ओटीवर होता. काका कपाटासमोरच पाटावर बसले, दार उघडंच, आणि पखवाज मांडीवर घेऊन हातोडीने गजरा ठोकत होते. सूर चढत गेला. एका जागी आला आणि त्यांनी उजव्या पुडीवर उघडी थाप दिली.

कपाटात काहीतरी सळसळलं.

काका थांबले. पुन्हा थाप दिली. पुन्हा सळसळ, बारीक, थापेच्या मागोमाग, थाप विरली तशी विरणारी.

‘कोण बोलता रे थंय?’

स्नेअर होता. मी खटका पाडायला विसरलो होतो. मी उठलो, कपाटात हात घातला, बोट खटक्यावर ठेवलं.

‘रव,’ काका म्हणाले, आणि एक घर अजून थोडं चढवून पुन्हा थाप दिली.